शके सुरू झाले, त्या वर्षाला तेव्हा काय म्हणत होते?

लग्नपत्रिकेत मुहूर्ताच्या ओळीत, पंचांगाच्या पहिल्या पानावर आणि पूजेच्या संकल्पात आपल्याकडे आजही ‘शालिवाहन शके’ असा उल्लेख येतो. इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो आणि जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९ वजा करावे लागतात, हा हिशेब अनेकांना शाळेपासून पाठ असतो. शिवराज्याभिषेक शके १५९६ मधला; त्यात ७८ मिळवले की १६७४ येतात. या हिशेबात आपण इ.स. ७८ हे वर्ष एखाद्या खुंटीसारखे वापरतो, पण त्या वर्षाकडे वळून क्वचितच पाहतो. त्या वर्षी जगलेल्या कोणीही आपण इ.स. ७८ मध्ये आहोत असे म्हटले नव्हते, कारण येशूच्या जन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत डायोनिसियस एक्झिग्युअस या धर्मपंडिताने मांडली ती इ.स. ५२५ च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ साडेचारशे वर्षांनंतर. ‘आज शालिवाहन शके अमुक’ असेही त्या वर्षी कोणी म्हटले नव्हते. मग लोक त्या वर्षाला काय म्हणत होते, हे देशोदेशी पाहत गेले तर कालगणना नावाची गोष्ट मुळात कशी घडते, हे फार स्पष्ट दिसते.

सुरुवात नाशिकपासून करू. पांडवलेणींतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. इ.स. ७८ नंतर काही दशकांनी कोरलेल्या या लेखाची तिथी वासिष्ठीपुत्र पुळुमावी राजाचे संवत्सर १९, ग्रीष्माचा दुसरा पक्ष आणि तेरावा दिवस अशी दिली आहे. प्राकृतात ती ‘गिम्हाण पखे बितीये दिवसे तेरसे’ अशी वाचायला मिळते. येथे चैत्र-वैशाख नाहीत आणि कोणता शकही नाही. वर्षाचे ग्रीष्म, वर्षा आणि हेमंत असे तीन ऋतू धरलेले आहेत, प्रत्येक ऋतूचे आठ पक्ष आहेत आणि वर्षाचा आकडा म्हणजे राजा गादीवर बसल्यापासूनची मोजणी आहे. राजा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होत असे. सातवाहनांनी आपले लेख असेच कालांकित केले. ज्या शालिवाहनाच्या नावाने आपण शक सांगतो, तो सातवाहन कुळाचाच मानला जातो. त्या कुळाच्या लेखांत मात्र हा शक नाही, हे मला प्रत्येक वेळी नव्याने आश्चर्याचे वाटते.

त्याच डोंगरात थोडे पुढे गेल्यावर दहाव्या लेण्यात वेगळीच रीत दिसते. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याच्या लेखाची सुरुवात ‘वर्ष ४२, वैशाख मास’ अशी होते. या लेखात महिन्याचे नाव आहे, ऋतूचा पक्ष नाही. ४२ हा आकडाही आपण लिहितो तसा नसून चाळिसाचे एक चिन्ह आणि त्यापुढे दोनाचे दुसरे चिन्ह, असा कोरलेला आहे. लेखाचा विषय व्याजाचा आहे, म्हणून तो कालगणनेच्या दृष्टीने विशेष मोलाचा ठरतो. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, २००० कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक या दराने ठेवले असून त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत, असे त्यात सांगितले आहे. २००० वर दरमहा २० कार्षापण व्याज होते, बारा महिन्यांचे २४०, आणि वीस जणांना प्रत्येकी १२ दिले की तेवढेच २४० खर्ची पडतात. व्याजाचा मेळ असा बाराच महिन्यांत बसवलेला आहे. यातील ४२ कोणत्या मोजणीतले, यावर विद्वानांत मोठा वाद आहे. ते शकाचे मानले तर लेख इ.स. १२० च्या आसपासचा ठरतो. नहपानाच्या स्वतःच्या राज्यकाळाचे मानले तर तो आणखी आधी जातो. एकाच डोंगरातल्या दोन लेण्यांत एकाच काळाच्या आसपास वर्ष सांगण्याच्या दोन पूर्णतः वेगळ्या रीती होत्या, एवढे मात्र प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येते.

आता रोमकडे जाऊ. रोममध्ये वर्षाला आकडा नव्हताच, नावे होती. दरवर्षी १ जानेवारीला कॉन्सल नावाचे दोन सर्वोच्च अधिकारी पदावर येत आणि वर्ष त्यांच्या नावाने ओळखले जाई. इ.स. ७८ हे वर्ष रोमनांच्या लेखी ‘डेसिमस युनियस नोवियस प्रिस्कस आणि लुसियस सिओनियस कमोडस यांच्या कॉन्सलपदाचे वर्ष’ होते. वीस वर्षांपूर्वी दिलेले कर्ज किती जुने झाले हे काढायचे, तर कॉन्सलांची यादी समोर घेऊन नावे मोजत मागे जावे लागे. रोम नगरीच्या स्थापनेपासून मोजले तर हे ८३१ वे वर्ष येते. ही मोजणी इतिहासकारांना उपयोगी पडे, पण रोजच्या कागदपत्रांत ती नसे. ग्रीक इतिहासकार चार वर्षांच्या ऑलिम्पियाडने मोजत, आणि त्यांच्या हिशेबाने इ.स. ७८ च्या उन्हाळ्यात २१४ व्या ऑलिम्पियाडचे दुसरे वर्ष लागले.

रोमच्याच साम्राज्यातील इजिप्तमध्ये मात्र सम्राटाची राज्यवर्षे मोजत, आणि ती मोजण्याचा नियम मोठा विलक्षण होता. इजिप्तचे नवे वर्ष थोथ महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे २९ ऑगस्टला लागे. लीप वर्षाचा दिवस वाढला की ३० ऑगस्टला. सम्राट गादीवर आल्यापासून पुढच्या नववर्षापर्यंत जे काही दिवस शिल्लक असतील, ते त्याचे पहिले वर्ष धरले जाई. व्हेस्पेशियनला अलेक्झांड्रियात १ जुलै ६९ रोजी सम्राट म्हणून घोषित करण्यात आले, त्यामुळे त्याचे पहिले वर्ष दोन महिनेही न भरता संपले आणि ऑगस्टअखेर दुसरे सुरू झाले. तो जून ७९ मध्ये वारला. प्रत्यक्षात त्याने पुरती दहा वर्षेही राज्य केले नाही, पण इजिप्तच्या हिशेबात त्याचे अकरावे वर्ष चालू होते.

या अकराव्या वर्षाचा एक कागद सुदैवाने आजही शाबूत आहे आणि तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ठेवलेला आहे. हर्मोपोलिसजवळच्या एका शेतीचा कारभारी दिदिमस याने मालक एपिमाखस याच्यासाठी ठेवलेला हा जमाखर्च आहे, आणि त्यावर व्हेस्पेशियनच्या अकराव्या वर्षाचा, म्हणजे इ.स. ७८-७९ चा उल्लेख आहे. त्याच पपायरसच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढे कोणीतरी अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील, अॅरिस्टॉटलच्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ उतरवून घेतला आणि त्यामुळेच हे भेंडोळे जगभर प्रसिद्ध झाले. माझे लक्ष मात्र जमाखर्चाच्या बाजूकडे जाते. दिदिमसला रोमच्या कॉन्सलांशी काही देणेघेणे नव्हते. त्याच्या वहीत वर्ष राजाचे होते आणि महिने इजिप्तचे होते.

येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. अलेक्झांड्रियाचा खगोलशास्त्रज्ञ टॉलेमी याच्या परंपरेतून आलेल्या राजांच्या यादीत व्हेस्पेशियनला दहाच वर्षे दिलेली आहेत. ज्या वर्षात राजा वारला ते संपूर्ण वर्ष त्या यादीत पुढच्या राजाच्या, म्हणजे येथे टायटसच्या नावावर जमा होते. खगोलगणिताला पूर्ण वर्षे लागतात, तुकडे चालत नाहीत, म्हणून हा संकेत ठरला होता. परिणामी इ.स. ७८ च्या ऑगस्टपासूनचे बारा महिने दिदिमसच्या वहीत व्हेस्पेशियनचे अकरावे वर्ष आहेत, आणि खगोलशास्त्रज्ञांच्या यादीत टायटसचे पहिले. यापैकी चूक कोणाचीही नाही. दिदिमस चालू दिवस लिहीत होता, यादी करणाऱ्याला गेलेला काळ मोजायचा होता. ही यादी बॅबिलोनच्या नबोनस्सर राजापासून, इ.स.पूर्व ७४७ पासून चालते आणि तिच्या हिशेबाने ते ८२६ वे वर्ष होते.

राजा गेला तरी मोजणी थांबवायची नाही, ही कल्पना आज आपल्याला इतकी साधी वाटते की ती कोणाला तरी सुचावी लागली असेल हे लक्षातच येत नाही. अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस याने इ.स.पूर्व ३१२ मध्ये बॅबिलोन परत मिळवले आणि त्याची राज्यवर्षे मोजली जाऊ लागली. तो इ.स.पूर्व २८१ मध्ये मारला गेला. त्याचा मुलगा अँटिओकस याने तेव्हा आपले पहिले वर्ष सुरू करायला हवे होते. त्याने ते केले नाही आणि बापाचीच मोजणी पुढे चालू ठेवली. त्यापुढच्या राजांनीही तेच केले. राजघराणे बुडाले, पार्थियन आले, रोमन आले, तरी पश्चिम आशियातले व्यापारी आणि लेखनिक तीच मोजणी वापरत राहिले. जेरुसलेमच्या मंदिराचा नाश होऊन जेमतेम आठ वर्षे झालेले ज्यूही आपल्या दस्तऐवजांत हीच गणना वापरत. जगाच्या निर्मितीपासून मोजण्याची त्यांची पद्धत पुढे रुळली आणि तिच्याने मागे मोजले तर इ.स. ७८ मध्ये ३८३८ संपून ३८३९ लागते.

सेल्युकसच्या या गणनेचे हे ३८९ वे वर्ष होते. मात्र मॅसेडोनियन रीतीने वर्ष शरद ऋतूत लागे, तर बॅबिलोनमध्ये निसान महिन्यात, म्हणजे वसंतात. एकाने पहिले वर्ष इ.स.पूर्व ३१२ च्या शरदापासून धरले, दुसऱ्याने ३११ च्या वसंतापासून. त्यामुळे इ.स. ७८ च्या वसंतापासून शरदापर्यंत दोघेही ३८९ म्हणत, आणि शरद लागताच मॅसेडोनियन रीतीचा माणूस ३९० लिहू लागे, तर बॅबिलोनचा ३८९ वरच राही. आपल्याकडे गुजरातेत विक्रम संवत कार्तिकापासून आणि उत्तरेत चैत्रापासून धरतात, म्हणून वर्षातील काही महिने आकड्यात एकाचा फरक पडतो. तसाच हा प्रकार आहे.

बॅबिलोनमध्ये आणखी एक मोजणी पार्थियनांच्या अर्शक घराण्याची होती आणि ती ६४ वर्षांनी मागे होती. तेथील ज्योतिर्विदांची त्यावरची तोड मला फार आवडते. ते दोन्ही आकडे एकाच वाक्यात लिहीत : ‘वर्ष ३२५, जे वर्ष ३८९ आहे’. दोन कालगणनांची सांगड घालण्याचे काम आजचे संशोधक करतात असे आपण समजतो. मातीच्या विटेवर ओल्या मातीत बोरू टोचणारा तो लेखनिक ते स्वतःच करून ठेवत होता. खिळ्याच्या आकाराच्या खुणांची ही कीलाक्षर लिपी तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांची झालेली होती आणि शेवटच्या घटका मोजत होती. ज्यांचा काळ निश्चित करता येतो अशा कीलाक्षर लेखांपैकी आजवर सापडलेले अगदी शेवटचे लेख इ.स. ७५ ते ८० च्या आसपासचे आहेत, आणि ते ग्रहगतींची वार्षिक कोष्टके आहेत. आपल्या शकाचा आरंभ आणि त्या लिपीचा अस्त असे अवघ्या काही वर्षांच्या अंतराने घडले.

चीनमध्ये हान घराण्याचा सम्राट चांग राज्य करत होता. तेथे राजाच्या नावाऐवजी सम्राटाने जाहीर केलेल्या शुभनामाने वर्ष मोजत, आणि हे ‘जियानचू’ नामक पर्वाचे तिसरे वर्ष होते. चांग गादीवर आला इ.स. ७५ मध्ये, पण नवे पर्व पुढच्या वर्षाच्या आरंभापासून धरले गेले. म्हणजे इजिप्तच्या नेमकी उलट रीत. त्याच्याच कारकिर्दीत पुढे आणखी दोन पर्वे झाली. याच्या जोडीला साठ वर्षांचे एक चक्र चाले. दहा नावांची एक माळ आणि बारा नावांची दुसरी अशा दोन माळा एकेक मणी पुढे सरकवत नेल्या की पहिली जोडी साठ वर्षांनी परत येते. या चक्रात ते ‘वू-यिन’, म्हणजे व्याघ्रवर्ष होते.

साठ वर्षांचे चक्र म्हटल्यावर मराठी वाचकाला प्रभव, विभव, शुक्ल ही आपली संवत्सरे आठवणारच. गुरूची राशिचक्रातील सुमारे बारा वर्षांची एक फेरी, अशा पाच फेऱ्या म्हणजे साठ, असा त्यांचा उगम आहे. नर्मदेच्या दक्षिणेला पुढे गुरूच्या प्रत्यक्ष गतीशी असलेला संबंध सुटला आणि नावे नुसती क्रमाने फिरू लागली. त्या क्रमाने मागे मोजत गेले तर इ.स. ७८ च्या पाडव्याला ‘बहुधान्य’ संवत्सर लागते. त्या काळी ते नाव कोणी दिले होते असे नव्हे. ही आजच्या क्रमाने मागे नेलेली मोजणी आहे. पण ताळा पाहण्याजोगा आहे. १९९८ आणि ७८ यांच्यात १९२० वर्षांचे, म्हणजे साठाच्या नेमक्या ३२ फेऱ्यांचे अंतर आहे. म्हणूनच १९९८ चा पाडवा आपल्याकडे बहुधान्य संवत्सराचा होता आणि चीनमध्ये ते वर्ष वू-यिनच होते.

तक्षशिलेच्या धर्मराजिका स्तूपाच्या परिसरात जॉन मार्शल यांना चांदीच्या पत्र्याची एक छोटी गुंडाळी सापडली. तिच्यावर ‘अय’ राजाच्या गणनेचे वर्ष १३६ आणि आषाढाचा पंधरावा दिवस कोरलेला आहे. ही गणना आणि विक्रम संवत एकच मानले, तर हा लेख इ.स. ७८ किंवा ७९ चा, म्हणजे ऐन आपल्या वर्षाचा ठरतो. अलीकडच्या काही संशोधकांनी ती गणना सुमारे दहा वर्षे पुढे सरकवली आहे, आणि तसे केले तर लेखही तितकाच पुढे जातो. आकडा स्पष्ट वाचता येतो, दिवस वाचता येतो, तरी मोजणीचा आरंभ हलला की सारे काही हलते. पुराणवस्तूंच्या कालनिश्चितीतली मुख्य अडचण ही असते.

मग आपला शक आला कोठून? त्याचा सर्वांत जुना भक्कम माग गुजरातेतल्या पश्चिम क्षत्रपांकडे, म्हणजे तेथील शक राजांकडे जातो. कच्छमधील अंधौ येथे चष्टन आणि रुद्रदामन यांच्या काळातले वर्ष ५२ चे लेख आहेत, आणि रुद्रदामनच्या जुनागढच्या लेखात वर्ष ७२ येते. ही अनुक्रमे इ.स. १३० आणि १५० ही वर्षे होत. या लेखांत ‘शक’ हा शब्द नाही, नुसता आकडा आहे. त्या घराण्यात पिढ्या बदलल्या तरी आकडा एकवर आणला गेला नाही, म्हणजे सेल्युकसच्या वारसांनी केले तेच येथे घडले, आणि राज्यवर्षाचे रूपांतर सलग गणनेत झाले. ‘शक’ हे नाव पुढे जोडले गेले. बदामीच्या किल्ल्यावर चालुक्य राजा पहिल्या पुलकेशीचा शकवर्ष ४६५ चा, म्हणजे इ.स. ५४३ चा लेख आहे. ‘शालिवाहन’ हे नाव तर त्याहून कितीतरी शतकांनी चिकटले. ज्या शकांशी सातवाहन लढले त्यांच्या घरची मोजणी सातवाहनांच्या नावाने चालू राहिली, हे इतिहासाच्या दृष्टीने विसंगत आहे खरे. पण लोकांनी ती आपलीशी केली म्हणूनच ती टिकली. पुढे ती समुद्रापार गेली. बालीमध्ये आजही नववर्षाचा मौनदिवस शकाच्या हिशेबाने पाळतात, आणि भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेली राष्ट्रीय दिनदर्शिकाही शकाचीच आहे.

ऐहोळे येथील मेगुती देवळाच्या भिंतीवर रविकीर्तीने दुसऱ्या पुलकेशीची जी प्रशस्ती कोरवली, तिच्यात काळ दोन रीतींनी दिला आहे : भारतीय (महाभारत) युद्धाला ३७३५ वर्षे लोटली आणि शकराजांची ५५६ वर्षे गेली. दोहोंतले अंतर ३१७९ आहे, आणि पंचांगकर्ते आजही शकात ३१७९ मिळवूनच कलिवर्ष काढतात. त्या लेखातले ‘गेली’ हे क्रियापद ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपल्या परंपरेत शकाचा आकडा बहुधा गतवर्षांचा असतो. मुलाला पाचवे वर्ष लागले तरी आपण ‘चार वर्षांचा झाला’ म्हणतो, तसेच हे आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट सेवेल यांच्यासह १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत गत आणि वर्तमान असा भेद काटेकोरपणे पाळला आहे, तो याचसाठी. शिलालेखात यांपैकी कोणता आकडा आहे हे ओळखले नाही, तर तारीख वर्षभराने चुकते.

आता हा नियम खुद्द आपल्या वर्षाला लावून पाहू. आजच्या पंचांगातील गत शकाने मागे जात राहिले तर शके १ हे इ.स. ७९ च्या पाडव्याला लागते. म्हणजे दिदिमस हर्मोपोलिसला जमाखर्च लिहीत होता, बॅबिलोनचा लेखनिक दोन आकडे शेजारी शेजारी टोचत होता आणि चीनची राजधानी लोयांगमध्ये जियानचूचे तिसरे वर्ष चालू होते, त्या इ.स. ७८-७९ च्या वर्षाचा गत शक शून्य येतो. संवत्सराच्या क्रमात त्याला बहुधान्य हे नाव मिळते. शकाच्या क्रमात त्याच्या वाट्याला आकडा नाही.